बुधवारचं पोर्क

इनास, चर्चमधल्या तुझ्या महिन्याच्या मिस्सेचं, प्रार्थनेचं कार्ड छापायला द्यायचंय आणि सगळ्यांना तोच फोटो हवाय. पांढरा कोट, खांद्यावर पट्ट्या, एक हात जहाजाच्या कठड्यावर. खाली छापायची ओळही ठरली आहे: 'ऑफिसर, मर्चंट नेव्ही'. काल काकांकडची माणसं येऊन बसली होती. फोटो या हातातून त्या हातात फिरला, 'काय रुबाब होता' असं म्हणून झालं, चहा झाला, बिस्किटं झाली. मी आत कपबशा विसळत होते. मला एवढा संताप आला होता की एक बशी नळावर आपटून फुटली. आईने विचारलं, काय झालं गं? मी म्हटलं, काही नाही, हातातून निसटली.

बघ, अजूनही खोटंच बोलतेय.

तू गेलास त्याला आज वीस दिवस झाले. एवढ्या दिवसांत तुझ्याबद्दल मी इतकं गोड गोड ऐकलंय की तू असतास तर उठून बाहेर गेला असतास. दफनाच्या वेळी फादर म्हणाले, गासच्या मळ्यातून निघालेला हा तरुण समुद्रावर अधिकारीपदापर्यंत पोहोचला आणि गावाला भूषण ठरला. तरुण कसला, बेचाळीस वर्षांचा घोडा होतास. पण फादरांना कशाला बोल लावू? त्यांच्या हातात जो कागद दिला तो त्यांनी वाचला. कागद मीच लिहून दिला होता. ते वाचत होते आणि मी पहिल्या बाकावर बसून मान डोलावत होते. वर्गात खोटं बोलणाऱ्या पोरांना अर्धा तास बाकावर उभं करणारी तुझी मोठी बहीण!

तू ऑफिसर नव्हतास. तू कूक होतास. कोरियन मालकाच्या मालवाहू जहाजावर बावीस माणसांना दिवसातून तीन वेळा जेवायला घालणारा कूक. मेसमन म्हणून चढलास, भांडी घासलीस, पोतीच्या पोती बटाटे सोललेस, मग सेकंड कूक झालास, आणि शेवटची काही वर्षं अख्खी गॅली तुझ्या ताब्यात होती. गॅली म्हणजे जहाजावरचं स्वयंपाकघर, हे मला तूच सांगितलंस. मी ते पुढे कुणालाच सांगितलं नाही.

मला तुझ्या पहिल्या सुट्टीतला तो बुधवार आठवतो. तुझी बॅग उघडताना आई, बाबा आणि मी भोवती बसलो होतो. साबण निघतील, परफ्यूम निघेल, बाबांना घड्याळ निघेल. निघालं काय, तर मिरचीच्या घट्ट चटणीने भरलेला एक लाल प्लॅस्टिकचा डबा आणि टॉवेलात गुंडाळलेली सुरी. दुपारी तू सायकल काढून नालासोपाऱ्याला गेलास आणि किलोभर पोर्क घेऊन आलास. आई अंगणातूनच ओरडली, "अरे, आज बुधवार हाय. आज कोनता सण काढलास?"

तिचंही बरोबर होतं. आपल्याकडे पोर्क म्हणजे नाताळ, ईस्टर, कुणाचं लग्न, गेला बाजार रविवार. आदल्या दिवशी मसाला लावायचा, विनेगरमध्ये मुरवायचं, सकाळपासून मंद आचेवर ठेवायचं आणि घरातल्या प्रत्येक बाईने येता-जाता झाकण काढून बघायचं. आठवड्याच्या मधल्या वारी आपलं वालाचं कालवण, नाहीतर सुकी मासळी. शाळेतून दमून आलेल्या बहिणीने आणि मळ्यातून मातीचे पाय घेऊन आलेल्या बापाने बुधवारी पोर्क खावं, हे आपल्या घरात कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"वीस मिनिटं लागतात," तू म्हणालास. "जहाजावर सहाला ताट टेबलावर लागतं. तिथे कोन सणाची वाट बघत नाय."

"वीस मिनिटांत कदी डुकर शिजतं?" आई म्हणाली. "कच्चं घालशील आमाला."

तू ते मांस तासभर बर्फाच्या कप्प्यात ठेवलंस. जरा कडक झालं की पातळ कापता येतं, म्हणालास. मग टॉवेलातली सुरी बाहेर आली. चरबीची कड न सोडता इतके पातळ काप केलेस की पलीकडचं दिसावं. लाल चटणी, सोया सॉस, गूळ, मूठभर ठेचलेला लसूण, आलं. आणि मग फळीवरचं पिकलेलं राजेळी केळं सोललंस आणि त्यात कुस्करलंस. मी किंचाळलेच. पोर्कात केळं! तू म्हणालास, कोरियात नासपती किसून घालतात, आता गासमध्ये नासपती कुठे शोधू? तुझ्या जहाजावरच्या म्हाताऱ्या कोरियन कूकने तुला बजावून ठेवलं होतं की ज्या बंदराला लागशील तिथलं गोड फळ घाल. त्याला तुम्ही सगळे 'आजोशी' म्हणायचात, म्हणजे काका. त्या आजोशीला कधी भेटायचा योग आला असता तर मी त्याला राजेळी केळ्यांचा घड दिला असता.

कढई धूर निघेपर्यंत तापवलीस. मांस थोडं थोडं टाकायचं, गर्दी करायची नाही, आणि टाकल्यावर हलवायचं नाही. मी सवयीने उलथनं घातलं तर माझ्या हातावर चापट मारलीस. "बाय, हलवू नको! त्याला जरा सोस दे." मोठ्या बहिणीच्या हातावर चापट, तीही आईदेखत! मग उभा चिरलेला कांदा, कांद्याची पात, आणि शेवटी भाजून भरड कुटलेले तीळ, कारण कोरियन तिळाचं तेल तू आणलं नव्हतंस आणि आपलं घाण्याचं तेल तुला पसंत नव्हतं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. कढई ठेवल्यापासून वीस मिनिटंच झाली होती. आधीचं कापणं-कुटणं तू त्यात धरतच नव्हतास, त्यावरून आपण पुढे कायम भांडत राहिलो.

बाबा ओटीवर बसले होते. त्यांचं आणि तुझं तेव्हा बोलणं नव्हतं. तू दहावीला गणितात दोनदा नापास झालास, तेही घरात टीचर असताना, हे त्यांनी एक वेळ गिळलं. पण जहाजावर चुलीपुढे उभा राहतोस हे कळल्यावर त्यांनी तुझ्या पत्रांना उत्तर देणंच सोडलं. "लोकांची ताटं वाढाला पोर मोठा केला का?" असं मला विचारायचे. आणि याच गावात लग्न निघालं की चार पुरुष मिळून मांडवामागे टोप चढवतात आणि त्यांचा केवढा मान असतो! कुणाच्या हातचं मटण कसं उतरलं यावर पुढचं लग्न येईपर्यंत बोलणी चालतात. तेच काम पगार घेऊन केलं की माणूस हलका. हा कुठला न्याय आहे, हे मला आजवर समजलेलं नाही. तरी मी तोच न्याय पाळला, बाबांपेक्षा जास्त पाळला.

कोरियात हे पानात गुंडाळून खातात, तू म्हणालास. तसली पानं आपल्याकडे कुठली! पण बाबांच्या पानमळ्याचे शेवटचे काही वाफे तेव्हा शिल्लक होते आणि ओटीवर ओल्या फडक्याखाली विड्याची पानं झाकलेली असायची. तू सरळ फडकं उचललंस, एक कोवळं पान घेतलंस, त्यावर घासभर भात, पोर्कचा एक काप, लसणाची एक कच्ची पाकळी ठेवून विड्यासारखी घडी केलीस आणि ती बाबांच्या तोंडासमोर धरलीस. विड्याच्या पानात डुक्कर! आईने तोंडावर पदर घेतला. बाबांनी पान तुझ्या हातातून घेतलं, तोंडात टाकलं आणि बराच वेळ चावत राहिले. मग दुसऱ्यासाठी हात पुढे केला. जेवताना त्यांनी तुला विचारलं की तुमच्या जहाजावर भात कसला असतो.

त्यांचं भांडण त्या बुधवारी संपलं. बाबांना मुलगा कूक असल्याचं वावडं उरलं नाही. उरलं ते मला.

आता त्या खोट्याकडे येते. इतकी वर्षं मी त्याला वळसा घालून चालत आलेय.

तुझ्यासाठी रोझलिनचं स्थळ बघत होतो. तिचे वडील हेडमास्तर. शिक्षकांच्या कुठल्याशा सभेला आमची गाठ पडली आणि शाळेच्या व्हरांड्यात त्यांनी विचारलं, "टीचर, तुमचे भाऊ जहाजावर काय म्हणून आहेत?" साधा प्रश्न होता. चेष्टेने विचारलेला नव्हता की खवचटपणे विचारलेला नव्हता. मी म्हटलं, "ऑफिसर." इतकं सहज निघालं तोंडातून की मीच चमकले. घरी येऊन तुला पत्र लिहिलं: युनिफॉर्ममधला फोटो पाठव, कारण विचारू नकोस.

तू कारण विचारलं नाहीस. दीड महिन्याने फोटो आला. मागे तुझ्या वाकड्या अक्षरात लिहिलं होतं, 'बाय, कोट थर्ड ऑफिसरचा हाय. तो माझ्यापेक्षा बुटका.' मी त्याच दिवशी फोटोच्या मागे पुठ्ठा चिकटवून टाकला. मागचं झाकलं, पण पुढचं कसं झाकणार? कठड्यावरच्या हाताची बाही मनगटाच्या चार बोटं वर आहे. लोकांना खांद्यावरच्या पट्ट्या दिसतात. मला बारा वर्षं ते उघडं मनगट दिसतंय.

लग्न झालं, आणि एका व्हरांड्यातलं खोटं गावभर झालं. तू सुट्टीवर आलास की मी मोठ्या तोंडाने सांगायची, आमचा ऑफिसर आला. कुणी आपल्याकडे जेवून तुझ्या हाताची तारीफ केली की मी मध्येच घुसायची: अहो, जहाजावर वेळ जात नाही ना, म्हणून शिकला हौसेने! तू ताटात बघत भात कालवत बसायचास. रोझलिनही तशीच ताटात बघायची. मला वाटायचं, लाजतायत.

मी काही सगळीच वाईट नव्हते रे. तूही काही सगळा गुणाचा नव्हतास. तुझ्या सुट्टीतला बुधवार ठरूनच गेला होता. लाल डबा संपला की आदल्या दिवशीचा भात वाटून त्यात मिरचीपूड, गूळ आणि चायनीजच्या गाडीवाल्याकडून मागून आणलेला सोया सॉस घालून तू काहीतरी भलतंच चाटण बनवायचास आणि आम्हाला सांगायचास की अगदी तसंच लागतं. नव्हतं लागत. एकदा मी सहामाहीचे पेपर तपासत होते आणि तू गरम ताट थेट पेपरांच्या गठ्ठ्यावर आणून ठेवलंस. "आदी खा, मंग नापास कर." सतरा नंबरच्या पेपरवर लाल तेलाचा गोल डाग पडला. मी त्या मुलीला दोन मार्क वाढवून दिले आणि तुला आठ दिवस शिव्या.

आणि विनेगर! आईला आणि मला विनेगरशिवायचं पोर्क अर्धवट वाटायचं, आजही वाटतं. तू हात धुवायला गेलास की आई मला खूण करायची आणि मी चमचाभर विनेगर कढईत सोडायची. तू यायचास, चव घ्यायचास, चमचा खाली ठेवायचास. आईकडे बघायचास, आई माझ्याकडे बघायची आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. पुढे पुढे तू स्वयंपाकाला लागण्याआधी विनेगरची बाटली तांदळाच्या डब्यात लपवायला लागलास. तुझ्यासारख्या माणसाला लपवाछपवी कुठे जमते? प्रत्येक वेळी बाटली तिथेच सापडायची. तुला ते जमत नाही, असं मी समजत होते.

मग तो गाळा. त्यावरून मला तुझा सगळ्यात जास्त राग आला होता आणि आज माझा मला येतोय.

दोन वर्षांपूर्वी तू म्हणालास, समुद्र बास झाला. नालासोपाऱ्यात नव्या बिल्डिंगी उठल्यात, माणसं कामावरून दमून येतात, चूल पेटवायची ताकद नसते. एक छोटा गाळा बघितलाय. चार टेबलं, एक मोठी कढई, वीस मिनिटांत गरम ताट. पोर्क, चिकन, भात, बस. बोलताना तू टेबलावर बोटाने नकाशा काढत होतास, कढई इथे, पाण्याचं पिंप तिथे. मी काय म्हटलं, आठवतं? म्हटलं, "ऑफिसर माणूस गाळ्यात झारा घेऊन उभा राहणार? लोकांना काय सांगू मी?" तुझं बोट थांबलं. तू दोन महिन्यांनी पुन्हा जहाजावर गेलास. मागच्या वर्षी तो विषय तू परत काढलास, मी परत तेच म्हटलं. या खेपेला घरी आलास तेव्हा तू थकलेला दिसत होतास. जिन्याच्या मधल्या पायरीवर उभा राहायचास. मी विचारलं तर म्हणालास, वय झालं. आणि त्या मंगळवारी काकांकडच्यांसमोर मी पुन्हा 'आमचा ऑफिसर' म्हटलं, तेव्हा तू हळूच म्हणालास, "बाय, आता पुरे कर ना."

मी तणतणले. तुझ्याच भल्यासाठी बोलते म्हटलं. दुसऱ्या दिवशी बुधवार असून तू कढईला हात लावला नाहीस आणि मीही विचारलं नाही. गुरुवारी सकाळी तू छाती धरून ओटीवर बसलास. हॉस्पिटल गाठेपर्यंत सगळं संपलं होतं. तुझं ते 'पुरे कर' माझ्याकडे तसंच पडून आहे, उत्तर न देता.

म्हणून आज शाळा सुटल्यावर मी घरी न येता खाटकाकडे गेले. त्याने बुधवारी पोर्क मागणारी बाई पाहून भुवया वर केल्या, मग ओळखून म्हणाला, "इनासभाऊची सिस्टर ना? ते नेहमी खांद्याचं न्यायचे." बघ, त्याला माहीत होतं तू काय नेतोस. पिशवी घेऊन घरात शिरले तर आई दारातच. तिच्या मते महिन्याची मिस्सा होईपर्यंत दुखवट्याच्या घरात मांस शिजत नाही.

"कोनासाठी आनलंस ते?"

"इनाससाठी," मी म्हटलं. आई तशीच परसात निघून गेली.

रोझलिन येऊन लसूण सोलायला बसली. मी टॉवेलातून तुझी सुरी काढली. मांस अजून पुरतं कडक झालं नव्हतं, काप जाडे पडत होते, पण मला थांबवत नव्हतं. हात चालता ठेवूनच मी बोलले. "रोझलिन, ते कार्ड मी तसं छापू देणार नाही. इनास ऑफिसर नव्हता, कूक होता. तुझ्या बाबांना मी खोटं सांगितलं. त्याने नाही, मी. तुला काय बोलायचं ते मला बोल."

तिने हातातली पाकळी सोलून वाटीत टाकली. "माहीत हाय, बाय."

"कधीपासून?"

"मला बघायला आलेले, तवापासून. तुमी आमच्या आईबरोबर आत चहा बघायला गेलात. त्यांनी लगेच सांगून टाकलं. म्हनाले, मी कूक हाय, फोटोतला कोट माझा नाय. नको असेल तर आताच सांग, मी राग मानणार नाय."

माझ्या हातातली सुरी थांबली. बारा वर्षं एका घरात राहून तिला कळलं नसेल, असं मी कुठल्या अकलेने धरून चालले होते? "मग मला कधी बोलली का नाहीस?"

"त्यांनी शपथ घातलेली. म्हनाले, मी सांगितलंय ते बायला कळू देऊ नको. तिने सगळ्यांना ऑफिसर म्हणून सांगितलंय. ती टीचर हाय, पोरांसमोर उभी राहते. ती खोटी पडेल."

"आणि गाळा?"

रोझलिनने मान खाली घातली. "मी म्हटलं होतं, घ्या. माझे थोडे दागिने होते. ते म्हनाले, गाळ्यावर पाटी लागली की पयलं सगळे बायकडे बघतील."

इनास, तुला कुणी सांगितलं होतं रे हे? मी मागितलं होतं का तुझ्याकडे? मी तुझी अब्रू सांभाळतेय या तोऱ्यात बारा वर्षं मिरवले, आणि तू माझी सांभाळत होतास! दर सुट्टी संपली की बॅग भरून त्या तापलेल्या गॅलीत परत जायचास, का, तर तुझ्या बहिणीला कुणी खोटारडी म्हणू नये म्हणून. एकदा आपटायचं होतंस ताट माझ्यासमोर. सगळ्यांदेखत म्हणायचं होतंस, बाय खोटं बोलते, मी कूक आहे, आणि तिच्यापेक्षा चांगला माणूस आहे. चार दिवस मी रडले असते, शाळेत खाली मान घालून गेले असते, आणि मग सगळं मार्गी लागलं असतं. खोटं मी बोलले आणि कोट तू घातलास. तोही आखूड! मला तुझा इतका राग आलाय की तू समोर असतास तर मी तुझ्या हातावर चापट मारली असती, त्या पहिल्या बुधवारची परतफेड म्हणून. आणि मग तुझे पाय धरले असते, तू लहान असलास तरी.

मी कढई तापवली. धूर निघेपर्यंत. थोडं थोडं टाकलं. हलवलं नाही. हलवायला हात शिवशिवत होते, पण मी उलथनं रोझलिनच्या हातात दिलं आणि माझे दोन्ही हात पदरात धरून उभी राहिले. केळंही घातलं, राजेळीच. तुझ्या वीस मिनिटांची माझी पन्नास झाली, आणि मी कापणं-कुटणं धरून सांगतेय. तांदळाचा डबा उघडला तर विनेगरची बाटली आत होती. तूच ठेवली असणार, या सुट्टीत. मी ती तशीच राहू दिली.

"रोझलिन, त्याला माहीत होतं ना मला ही सापडते ते?"

"म्हनायचे, ती विनेगर घालनारच, मीठ त्यानुसार कमीच घालतो."

आई परसातून आली. बाबा गेले, पण सुपारीच्या झाडावर त्यांची शेवटची एक पानवेल अजून चढलेली आहे. तिच्या हातात धुतलेली तीन पानं होती. ती पाटावर बसली, पान पुढे केलं. मी त्यावर भात ठेवला, पोर्क ठेवलं, लसणाची पाकळी ठेवली. तिने घडी केली, तोंडात टाकली, त्या पहिल्या बुधवारी बाबा चावत होते तेवढाच वेळ चावत राहिली. तिचे डोळे वाहत होते आणि ती पुसत नव्हती.

"शिजलंय," ती म्हणाली. मग दुसरं पान पुढे करत, "विनेगर पायजे होतं."

उद्या मी छापखान्यात जातेय. रोझलिनने तिच्या प्रार्थनेच्या पुस्तकातून दुसरा फोटो काढून दिलाय, मी तो पहिल्यांदाच पाहिला. गॅलीतला आहे. अंगावर एप्रन, बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या, हातात भली मोठी कढई, तोंड घामाने चमकतंय आणि तू कुणाला तरी ओरडतोयस, बहुतेक हलवू नको म्हणून. खाली एवढंच लिहायचं, 'जहाजावरचा कूक'. फादरांना मी स्वतः जाऊन सांगणार आहे की आधीचा कागद चुकीचा होता आणि तो मी दिला होता. काकांकडची माणसं नाक मुरडतील, मुरडू देत. मिस्सेनंतरच्या जेवणाला तुझंच पोर्क होईल, वार कुठलाही असो, शुक्रवारचा उपास तेवढा सोडून. ते मी करेन आणि वाढायलाही मीच उभी राहीन. कुणी विचारलं, टीचर, हे काय नवीन, तर सांगेन: माझा भाऊ कूक होता, हे त्याचं आहे.

तेवढं एक वाक्य मला त्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात बोलता आलं असतं, इनास, तर आज संध्याकाळी तू नालासोपाऱ्यात तुझ्या गाळ्यात उभा असतास, कढईतून धूर निघायची वाट बघत, स्वतःच्या मापाच्या सदऱ्यात.